चार सेकंद

समुपदेशनाच्या प्रशिक्षणात शब्दशः नोंदीला, म्हणजे क्लायंटच्या संमतीने ध्वनिमुद्रित केलेले सत्र हुंकार आणि विरामांसकट कागदावर उतरवून ते ज्येष्ठ समुपदेशकापुढे तपासणीला ठेवण्याच्या पद्धतीला, जे स्थान आहे ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाला नाही. कार्ल रॉजर्स यांनी १९४२च्या आपल्या ग्रंथात एका क्लायंटची सर्व सत्रे अशीच छापली आणि स्वतःच्या बोलण्याची चिकित्सा जगाच्या हाती दिली. घरी दोन मुले असणाऱ्या प्रशिक्षणार्थीला या कामासाठी मिळणारी वेळ डब्यांची भाजी चिरून ठेवल्यानंतरची असते आणि जागा ओट्याची. इअरफोन कानातून काढता येत नाहीत, कारण गोपनीयता, म्हणजे क्लायंटचे बोलणे तिसऱ्याच्या कानी न पडण्याची हमी, रात्री पाणी मागायला उठलेल्या मुलालाही लागू असते.

प्रस्तुत लेखिकेच्या एका नोंदीत बत्तिसाव्या मिनिटाला क्लायंट म्हणते, ‘मला ना, आता कशातच...’ आणि थांबते. चार सेकंदांनी समुपदेशिकेचे उत्तर येते, ‘होईल हो सगळं नीट.’ सूर थेट धाकट्याच्या खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर घालतानाचा आहे, आणि ‘कशातच’च्या पुढे जे यायचे होते ते त्या सत्रात पुन्हा आलेच नाही.

ही चूक अज्ञानातली नव्हती. समानुभूती, म्हणजे दुसऱ्याचे दुःख त्याच्या जागेवरून समजून घेणे पण त्यात वाहून न जाणे, लेखिकेने उत्तरपत्रिकांत अनेकदा लिहिली होती; मात्र रडे थांबवणे हेच ज्या बाईचे दहा वर्षांचे काम, तिला रडे चालू राहू देणे हे दुर्लक्षच वाटते. त्याहून नडला तो अहंकार. आईपणामुळे ऐकणे आपोआप येते, तेव्हा वर्गातल्या बिनलग्नाच्या सहाध्यायांपेक्षा आपण दोन पायऱ्या वर आहोत, असे ती मनात धरून होती, आणि निघताना क्लायंट ‘बरं वाटलं’ म्हणाली त्या ओळीपुढे तिने बरोबरची खूणही केली होती. तपासणीत वर्तुळ पडले ते त्या चार सेकंदांभोवती.

शनिवार-रविवारच्या वर्गातून प्रमाणपत्र घेऊन ‘लाइफ कोच’ म्हणून पाटी लावणाऱ्यांविषयी तिचे मत तिखट आहे, आणि आरोग्यसेवेतील संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणाऱ्या २०२१च्या कायद्याने समुपदेशकांनाही कक्षेत घेतले याचे तिला समाधान आहे. पण त्यांच्या रीलमधले वाक्य आपल्याच कागदावर सापडल्यापासून हे मत ती पूर्वीइतक्या मोठ्याने मांडत नाही.

उलट दिशेचा प्रयोगही फसला. मुलीने पेन्सिल आपटली तेव्हा ‘तुला राग आलाय असं दिसतंय’ असे प्रतिबिंबन, म्हणजे समोरच्याची भावना ओळखून ती त्याच्यापुढे शब्दांत ठेवणे, करून पाहिल्यावर ‘आई, क्लासमधलं नको बोलूस’ असे उत्तर मिळाले. ते सहाध्यायांच्या गटात सांगून हशा मिळवण्याचा मोह मात्र आवरला नाही.

अलीकडच्या एका नोंदीत विराम अकरा सेकंदांचा आहे. ध्वनिमुद्रणात पंख्याची घरघर ऐकू येते आणि तिच्याखाली टेबलावर पेन तीनदा टेकवल्याचा आवाज. पेन क्लायंटच्या हातात नव्हते.