खोलीचा आवाज

चित्रणाचा दिवस आटोपून दिवे विझवण्यापूर्वी, पंखे थांबवलेले आणि फ्रिज बंद केलेला असताना, ध्वनिमुद्रकाच्या एका विनंतीवरून दिग्दर्शकापासून चहा देणाऱ्या मुलापर्यंत साऱ्यांना जागच्या जागी निश्चल उभे राहावे लागते. आमच्या धंद्यात ज्याला ‘रूम टोन’ म्हणतात ती त्या खोलीची स्वतःची शांतता मी तेवढ्या अर्ध्या-पाऊण मिनिटात टिपून घेतो. संवादांचे तुकडे सांधताना मध्ये उरणारी छिद्रे हिनेच बुजवावी लागतात, कारण निर्भेळ निःशब्दता पडद्यावर शांततेसारखी वाटत नाही. यंत्र बंद पडल्यासारखी वाटते.

मृत्यूची मुदत कळलेल्या माणसाची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटात ही शांतता सर्वांत मोलाची, असे माझे मत होण्यास ‘श्वास’ कारण झाला. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून संदीप सावंत यांनी केलेला आणि अरुण नलावडे व त्यांच्या स्नेह्यांनी पदरमोड करून उभा केलेला हा चित्रपट २००४ साली आला, आणि ‘श्यामची आई’नंतर पन्नासेक वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळाले. त्यातल्या कोकणातल्या लहानग्या परशुरामला मरण नव्हे, अंधार मुक्रर झाला आहे. दृष्टिपटलाच्या कर्करोगातून जीव वाचवायचा तर डोळे द्यावे लागणार, आणि म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा रुग्णालयाच्या परवानगीवाचून त्याला जग दाखवायला बाहेर घेऊन जातात. प्रेक्षक तो दिवस नातवाच्या डोळ्यांनी पाहतो. मी मात्र प्रत्येक वेळी तो ऐकत आलो, कारण पाहिलेले रंग त्या मुलाच्या स्मृतीत हळूहळू विटणार होते, पण रस्त्याचा गलबला आणि आजोबांचा स्वर त्याला उद्याही, परवाही, नव्याने भेटणार होते.

पुढे घाटकोपरच्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत आम्ही लहानशा भांडवलावर असाच एक चित्रपट केला. नायिका टपाल खात्यातून निवृत्त झालेली. वैद्यांनी सहा महिन्यांची मुदत सांगितल्यावर ती रडत नाही, अर्ज-विनंत्या करीत नाही, तर बाजारातून दीडशे लिंबे आणून, मुरायला कित्येक महिने लागतील असे लोणचे घालते. माझ्या दृष्टीने चित्रपट तिथेच होता. विळीच्या पाटाची बारीक करकर, परातीत पडणाऱ्या फोडी, बरणीच्या तोंडावर दादरा घट्ट बांधताना कापडाचा होणारा ताणलेला आवाज, हे सारे मला हवे होते. आणि घाटकोपरवरून विमानतळाकडे उतरणारी विमाने काही मिनिटांच्या अंतराने ते हिरावून नेत होती. हात वर करून मी चित्रण थांबवी, विमान जाई, अभिनेत्री पुन्हा पहिल्या लिंबाला हात घाली. त्या एका दृश्यासाठी आमची अख्खी दुपार गेली, आणि दिग्दर्शकाने ती बिनतक्रार जाऊ दिली याबद्दल मी त्याचा आजन्म ऋणी आहे. पुढे संकलनाच्या वेळी कुणी तिथे व्हायोलिन घालण्याची तजवीज सुचवली, तेव्हा मी आयुष्यात प्रथमच आवाज चढवून बोललो. जगण्यात दंग असलेल्या माणसाच्या अंगावर आपण आधीच शोकाचे वस्त्र का पांघरावे?

त्या संध्याकाळी मी रूम टोन दोनदा घेतला. एकदा ती अभिनेत्री खिडकीशी स्वस्थ बसलेली असताना, आणि दुसऱ्यांदा तिला जिन्यात पाठवून. यंत्राच्या काट्याला फरक जवळजवळ कळला नाही. पण माणसाचे शरीर खोलीतला थोडा आवाज स्वतःत जिरवते, श्वास येतो-जातो, लुगड्याची घडी नकळत हलते. ती असेतोवरच्या सर्व दृश्यांखाली मी पहिली शांतता घातली आणि ती गेल्यानंतरच्या, केवळ बरणी दिसणाऱ्या एकमेव दृश्याखाली दुसरी.

अंधेरीच्या ध्वनिशाळेत पहिल्यांदा चित्रपट दाखवला तेव्हा दिग्दर्शकाच्या वृद्ध मातोश्री माझ्या शेजारी बसल्या होत्या. बरणी पडद्यावर आली तशी त्या माझ्याकडे झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, “अहो, पंखा कुणी बंद केला?” पंखा दोन्ही वेळा बंदच होता.