हा सातबारा कुणाच्या नावावर?



आपल्यापैकी बहुतेकांच्या सहलीत व्हिजिटर सेंटरच्या वाट्याला दहा मिनिटं येतात. रेस्टरूम, बाटल्यांत पाणी भरणं, पाटीसमोर एक फोटो, आणि मग "चला चला, अजून खूप ड्राइव्ह आहे." काउंटरमागच्या रेंजरशी सहसा कुणी बोलत नाही. वेळ नसतो, हे एक कारण. दुसरं आपण उघड बोलत नाही: गणवेशातल्या माणसाला आपणहून काही विचारायचं म्हटलं की अवघडल्यासारखं होतं. व्हिसा, आपले उच्चार, "त्यांना काय वाटेल" असं सगळं मनात येऊन जातं. आणि मुलं ते बघत असतात.

म्हणून आज थोडं लांबलचक लिहितेय. १५ एप्रिल उलटलाय, त्यामुळे आम्हा टॅक्सवाल्यांना माणसांत यायची मुभा आहे!

आधी जमिनीचा हिशोब सांगते. अमेरिकेत केंद्र सरकारकडे सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे, म्हणजे देशाच्या भूभागाच्या २८ टक्के. ती एकाच खात्याकडे नाही. नॅशनल पार्क सर्व्हिसकडे सुमारे साडेआठ कोटी एकर, फॉरेस्ट सर्व्हिसकडे १९ कोटींच्या वर, आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएमकडे सर्वांत जास्त, साडेचोवीस कोटींच्या आसपास. खातं बदललं की नियम बदलतात. नॅशनल फॉरेस्टच्या बहुतेक पायवाटांवर कुत्रा चालतो, नॅशनल पार्कच्या बहुतेक पायवाटांवर नाही. ड्रोन नॅशनल पार्कमध्ये उडवताच येत नाही. गाडीतून जाताना हद्द कुठे बदलली ते कळतही नाही. ते समजावून सांगणारी जागा म्हणजे व्हिजिटर सेंटर.

कॅलिफोर्नियात हायवे ३९५ वर लोन पाइन नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या जरा दक्षिणेला एक व्हिजिटर सेंटर आहे, आणि तिथे या वेगवेगळ्या खात्यांची माहिती एकाच छपराखाली मिळते. समोर माउंट व्हिटनी दिसतो, अलास्का सोडून अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर. तिथून शंभरेक मैलांवर डेथ व्हॅली, जिथे बॅडवॉटर ही जागा समुद्रसपाटीपेक्षा २८२ फूट खाली आहे.

माझे बाबा भारतातून आले होते तेव्हा आम्ही तिथे थांबलो. बाबा निवृत्त तलाठी. उभा जन्म सातबारा आणि फेरफार लिहिण्यात गेला. खिडकीतून ते डोंगर नि मोकळं माळरान बराच वेळ बघून त्यांनी माझ्या लेकीला विचारलं, "बाळा, विचार बरं त्यांना, एवढी जमीन नावावर कुणाच्या आहे?"

लेक तेव्हा चौथीत. तिने काउंटरवर जाऊन आजोबांचा प्रश्न इंग्रजीत विचारला. रेंजर बाईंनी एक मोठा नकाशा उलगडला. हिरवा रंग फॉरेस्ट सर्व्हिसचा, पिवळा बीएलएमचा, जांभळट नॅशनल पार्कचा, पांढरा खासगी. खोऱ्याच्या तळाची बरीचशी जमीन लॉस एंजेलिस शहराची आहे, हेही त्यांनी सांगितलं. शहराने पाण्यासाठी ती विकत घेतली आणि १९१३ पासून इथलं पाणी कालव्याने दोनशे मैलांहून लांब नेलं. बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे पाण्यासाठी गाव उठवायचं इथेही झालंय तर." कोयनेचं खोरं पाहिलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागलं नाही.

पुढचा प्रश्न तलाठ्याचाच होता: "त्याच्या आधी?" त्याआधी पायूट लोक. ते आजही याच खोऱ्यात राहतात.

निघताना रेंजर बाईंनी बाबांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि आमचा बेत बदलायला लावला. बॅडवॉटरला उतार बांधलेला आहे, पायऱ्या नाहीत, तिथे जा. पण सकाळी लवकर जा, पाणी भरपूर ठेवा, पेट्रोल इथेच भरा आणि फोनच्या नकाशावर विसंबू नका, वाटेत सिग्नल मिळणार नाही. उन्हाळ्यात तर डेथ व्हॅलीच्या सखल भागात सकाळी दहानंतर चालायलाच जाऊ नका, असं पार्क स्वतः सांगतं. वयस्कर माणूस आणि लहान मूल बरोबर असताना हा सल्ला लाखमोलाचा, आणि तोही फुकट.

तिथून उत्तरेला थोड्याच अंतरावर मान्झानार आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना अमेरिकेने छावण्यांत कोंडलं. त्यांतले दोनतृतीयांश अमेरिकन नागरिक होते. मान्झानारमध्ये दहा हजारांहून जास्त लोक होते. त्यांनी स्वतः बांधलेल्या सभागृहातच आज व्हिजिटर सेंटर आहे आणि तिथे त्या सगळ्यांची नावं एका प्रचंड पडद्यावर लिहिलेली आहेत.

लेकीने विचारलं, "पण ते सिटिझन होते ना?"

हो म्हणाले. त्यापुढे काय बोलावं ते सुचेना. तुमच्या घरीही हा प्रश्न कधीतरी येईल, वेगळ्या शब्दांत येईल. बाबा नावं वाचत होते. म्हणाले, "वाईट नोंदसुद्धा खोडली नाही, दप्तरात ठेवली. हे बरं केलं."

मुलांना ही जमीन नुसती 'ब्यूटिफुल' म्हणून दाखवू नका, तिचा फेरफारही वाचू द्या. तो वाचून काउंटरवर प्रश्न विचारणारं मूल स्वतःला इथलं समजायला लागतं, असं मला वाटतं. सरकारी जमीन म्हणजे लोकांची जमीन, आणि आपण कर भरतोच की.

आता कामाच्या गोष्टी:

• वार्षिक पास ८० डॉलरचा, तुमच्या गाडीतल्या सर्वांना चालतो. ३५ डॉलर प्रवेशाची तीन पार्कं झाली की वसूल.

• मूल चौथीत असेल तर त्याला वर्षभराचा फुकट पास मिळतो.

• ६२ वर्षांवरील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकांना सीनियर पास: वर्षाला २० डॉलर, आजन्म ८०. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांना तो मिळत नाही.

• २०२६ पासून इथले रहिवासी नसलेल्यांना वार्षिक पास २५० डॉलरचा. तो नसेल तर योसेमिटी, ग्रँड कॅन्यनसारख्या ११ पार्कांत माणशी १०० डॉलर जास्तीचे. आईबाबांना नेणार असाल तर निघण्याआधी त्या पार्कला फोन करून तुमच्या गाडीचा हिशोब विचारून घ्या.

• ज्युनियर रेंजरची पुस्तिका आल्याआल्या मागा, निघताना नाही. ती भरून दिली की मूल शपथ घेतं आणि बिल्ला मिळतो.

• पासपोर्टची छोटी वही घ्या. प्रत्येक ठिकाणी जागेचं नाव आणि तारखेचा शिक्का असतो. आमच्याकडे शिक्का मारायचा मान आजोबांचा. तारीख तपासून, शाई बघून, एकदाच, सरळ!

काउंटरवर तीन प्रश्न पुरतात: आज काय उघडं आहे? आमच्याबरोबरच्या माणसांना काय झेपेल? आणि आज काय करू नये?

बरीच सेंटर्स दुपारी चार-पाचलाच बंद होतात, तेव्हा वेळ आधी बघून ठेवा. आणि प्रश्न मुलांनाच विचारू द्या. आपण मागे उभं राहायचं, आजी-आजोबांना खुर्ची द्यायची.