कोहक्याचा महिन्याचा डबा

हल्ली मोठ्या शहरांत एक नवी हौस आली आहे. पैसे आगाऊ भरायचे, आणि मग दर महिन्याला घरपोच एक बंद खोका येतो. आत कोणता खाऊ आहे ते खोका उघडेपर्यंत कळत नाही. कधी जपानी शेवाळाचे कुरकुरीत कागद, कधी नाव उच्चारता न येणारे सरबत. पुण्यातली भाचरंडे फोनवर त्याची वर्णने ऐकवतात तेव्हा मला हसू येते. असा खोका आम्हांला कोहक्यात कित्येक वर्षे मिळतो आहे! फक्त तो पुठ्ठ्याचा नसून स्टीलचा असतो आणि कुरिअरवाल्याऐवजी समोरच्या घरातला नातू तो दोन्ही हातांत धरून दारात उभा असतो. वर्गणी एकच. डबा रिकामा परत करायचा नाही.

कोहका हा भिलाईचा एक भाग. मुंबई-हावडा लोहमार्गाच्या दक्षिणेला पोलाद कारखाना आणि त्याची आखीव-रेखीव सेक्टरची वसाहत. उत्तरेला जी. ई. रोड, त्यावर सुपेल्याचा गजबजलेला चौक, आणि तिथून आणखी उत्तरेकडे गेले की कोहका. पर्यटकाने मुद्दाम पाहावे असे इथे काही नाही, हे आधीच सांगून टाकते. सोव्हिएत रशियाशी करार झाला १९५५ साली, पहिली झोतभट्टी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, आणि त्या चार वर्षांत भाताच्या शेतांतून एक शहर उभे राहिले. आंध्र, केरळ, बंगाल, बिहार, ओडिशा, पंजाब, विदर्भ अशा सगळीकडून माणसे आली. नोकरी संपली की क्वार्टर सोडावे लागते. मग ज्यांना गावी परतावेसे वाटले नाही त्यांनी आसपास प्लॉट घेऊन घरे बांधली. कोहक्यात अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांच्या मधूनमधून जुन्या छत्तीसगढी कुटुंबांची घरे. कुणाच्या परसात अजून गाय आहे, तर कुणाच्या ओसरीवर धान भरलेली कोठी.

मराठी माणूस या मुलुखाला नवखा नाही. १८५४ पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि पुढे १९५६ पर्यंत या प्रांताची राजधानी नागपूरच होती. पण राज्यकारभार एक आणि स्वयंपाकघर दुसरे! शेजारच्या चुलीवर काय शिजते याचा पत्ता राजधानीला कुठून लागणार? तो मला लागला तो समोरच्या काकींमुळे. छत्तीसगढीतही काकीला काकीच म्हणतात. त्या मला 'नोनी' म्हणतात, म्हणजे पोरगी. माझे केस पांढरे झाले तरी त्यांच्या लेखी मी नोनीच.

डब्याचे वर्ष सुरू होते हरेलीला. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांची श्रावणातली अमावस्या ती आपली आषाढी अमावस्या. त्या दिवशी नांगर, कुदळ, विळे धुऊन त्यांची पूजा करतात, दारावर कडुनिंबाच्या डहाळ्या खोचतात, आणि पोरे बांबूच्या गेडीवर चढून गल्लीभर खटखट करीत हिंडतात. नैवेद्य असतो गुळाच्या चील्याचा. चीला म्हणजे पिठाचे धिरडेच, पण कडा जाळीदार आणि पोट मऊ. आपल्याकडे त्याच दिवशी दिव्यांची अवस. म्हणून माझ्याकडून डब्यात जातात कणकेचे उकडलेले गोड दिवे, वर तुपाची धार. पहिल्या वर्षी काकींनी दिवा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. हा लावायचा की खायचा, असा प्रश्न त्यांना पडला असावा. मग त्यांनी तो आधी देवापुढे लावला आणि मग खाल्ला. दोन्ही बरोबरच.

मग येते कमरछठ, म्हणजे आपल्या श्रावण वद्य षष्ठीची हलषष्ठी. मुलाबाळांसाठी आया हा उपास करतात, आणि त्याचा नियम मोठा विलक्षण आहे. नांगर लागलेल्या जमिनीत पिकलेले काहीही खायचे नाही. गाईचे दूध-दही वर्ज्य, म्हशीचे चालते. दात घासायला मोहाची काडी आणि जेवायला मोहाच्या पानांची पत्रावळ. भात असतो पसहर तांदळाचा. तळ्याच्या काठी, ओलसर खड्ड्यांत न पेरता उगवणारे हे रानटी धान. दाणा लालसर, भात जरा चरबरीत. त्याबरोबर सहा प्रकारच्या पालेभाज्या एकत्र शिजवलेल्या. मीठ-मिरचीपलीकडे मसाला नाही. डबा उघडला तेव्हा मला क्षणभर वाटले, आपल्या ऋषिपंचमीची भाजीच चौदा-पंधरा दिवस आधी चुकून आली! तिथेही बैलाच्या श्रमाचे खायचे नाही हाच दंडक. सहाशे-सातशे मैलांच्या अंतरावरच्या दोन बायका, दोन वेगळ्या तिथींना, बैलाला त्याच प्रकारे सुटी देतात.

पोळा मात्र दोघींकडे एकाच दिवशी. इथे त्याला पोरा म्हणतात. मुलांसाठी मातीचे नंदी येतात, अगदी विदर्भातल्या तान्ह्या पोळ्यासारखे. डब्यात असते ठेठरी आणि खुर्मी. ठेठरी बेसनाची, दोरीसारखी वळून पीळ घातलेली, खारी. खुर्मी कणीक आणि गुळाची, तीळ-खोबरे घातलेली, दातांची परीक्षा पाहणारी. दोन्ही आठ-पंधरा दिवस सहज टिकतात. उलट डब्यात माझ्याकडून पुरणपोळी. ती दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकत नाही, कारण काकींचा नातू.

एका भाद्रपदात डबा उघडला आणि मी चकित झाले. आत नुसता भात आणि कारल्याची भाजी! शेजारधर्माने कारले कोण पाठवते? मग कळले की दुसऱ्या दिवशी तीजा. आपली हरतालिका. तीजासाठी भाऊ किंवा वडील जाऊन लेकीला माहेरी आणतात. त्या दिवसांत दुर्ग-रायपूरच्या गाड्यांत आणि एसटीसारख्या बसगाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. निर्जळी उपासाच्या आदल्या रात्री बायका कारले आणि भात खातात. त्याला 'करू भात' म्हणतात, करू म्हणजे कडू. त्या रात्री माहेरवाशिणी ओळखीच्या घरोघर जाऊन घासभर करू भात खातात. माझे माहेर भंडाऱ्याला, आणि आईच्या पश्चात तिथे कोणी बोलावणारे उरलेले नाही. हे मी कधीतरी बोलले असेन, काकींनी ते लक्षात ठेवले. तो डबा म्हणजे बोलावणे होते. मी गेले, आणि चार घरचे कारले खाऊन आले. इतके कडू एका रात्रीत मी आयुष्यात खाल्ले नव्हते.

दिवाळीनंतर गल्लीतल्या इतर घरांचे डबे सुरू होतात. बिहारी घरातून छठपूजेचा ठेकुआ. गोवर्धन पूजेला काकींकडून सुरणाची आंबट दह्यातली भाजी. सुरणाला इथे जिमीकांदा म्हणतात, आणि दही कमी पडले तर तो घसा खाजवतो हे दोन्ही भाषांत सारखेच खरे. अळूच्या पानांचा इडहर येतो. पानाला वाटलेली उडीद डाळ फासून, गुंडाळी करून वाफवायची, कापायची आणि ताकाच्या कढीत सोडायची. आपली अळूवडी कढीत पडली तर काय होईल, या प्रश्नाचे ते रुचकर उत्तर आहे.

पण खरी गंमत एका संक्रांतीला झाली. काकींकडून आला अइरसा, तांदूळ आणि गुळाचा, तळलेला. त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या तेलुगू अम्मांनी पाठवले अरिसेलु. तेही तांदूळ आणि गुळाचे, तळलेले, वर तीळ. ओडिया वहिनी म्हणाल्या, "हा तर आमचा अरिसा पिठा!" मी घरात जाऊन दिवाळीतल्या उरलेल्या पिठाची गोळी काढली आणि खसखशीवर थापून अनारसे तळले. चौघींचे चार नग एका ताटात ठेवले तर कुठला कोणाचा हे सांगताना आमचीच चूक होत होती. तांदूळ भिजवायचे, सुकवून कुटायचे, गुळात मुरवायचे, ही रीत कोणी कोणाकडून घेतली असेल ते असो. भांडण एकाच गोष्टीवर झाले. अनारशाला जाळी पडलीच पाहिजे, हे माझे म्हणणे कोणीही मान्य केले नाही.

पौषात पोरे छेरछेराचे धान मागत दारोदार येतात. पौर्णिमेला घरातल्या कोठीतून नवे धान प्रत्येकाच्या झोळीत पडते, श्रीमंताचे पोरही त्या दिवशी मागायला जाते. त्याच सुमारास डब्यात हिरवीगार तिवरा भाजी येते. कोवळी पाने, लसूण, लाल मिरची. एका घासात मी ओळखले, ही आपली भंडाऱ्याकडची लाखोळी! धान उभे असतानाच ओल्या शेतात तिचे बी फेकतात, त्याला दोन्हीकडे 'उतेरा'च म्हणतात. दुष्काळात माणसे महिनोन्महिने हीच डाळ खात आणि पाय लुळे पडत. म्हणून १९६१ साली केंद्र सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातली होती. पुढे रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने विषारी अंश कमी असलेला 'महातिवरा' हा वाण काढला. थंडीत चार वेळा खाल्लेल्या भाजीने कोणाला काही होत नाही. तरी माझी आई ती वाढताना दर वेळी एक सूचना देई, आणि काकीही देतात. जवळजवळ तीच.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. इतक्या वर्षांत, इतक्या डब्यांत, एक पदार्थ मला कधी आला नव्हता. तो म्हणजे बासी. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळी मीठ, कच्चा कांदा, हिरवी मिरची, असलेच तर दही किंवा टोमॅटोची चटणी, यांबरोबर खायचा. त्याच दिवशी भिजवून खाल्ला तर तो 'बोरे'. रात्रभर जरा आंबलेला हा गार भात आणि त्याचे पाणी पोटात असले की बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात माणूस दुपारपर्यंत टिकतो. काकींच्या घरी उन्हाळ्यात तो रोज असे, मला खिडकीतून दिसे. विचारले तर त्या म्हणत, "नोनी, ते काय दुसऱ्याच्या घरी पाठवायचे असते?" क्वार्टरमधले लोक गावच्या माणसाला 'बासी खाणारा' म्हणून हिणवायचे, हे त्यांच्या यजमानांनी एकदा सांगितले. ते कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होते. जेवणाच्या सुटीत डबा पाठ फिरवून उघडायचे.

१ मे २०२२ रोजी, कामगार दिनी, तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी सर्वांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले. मंत्री आणि साहेब लोक कांदा हातात धरून बासी खात असलेली छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली. त्यात राजकारण किती आणि भात किती, यावर आमच्या गल्लीत बरीच चर्चा झाली. काकींचे यजमान काही बोलले नाहीत. त्यांनी तो अंक घडी करून ठेवून दिला. त्यानंतर चार-पाच दिवसांनी सकाळी हाक आली, "नोनी, बासी खाबे का?" या वेळी डबा नातवाच्या हातात नव्हता. काकी स्वतः काशाचा वाडगा घेऊन आल्या होत्या. चव म्हणाल तर किंचित आंबूस, गार, कांद्याने खुसखुशीत. मी आत जाऊन मेतकुटाची बरणी आणली आणि चिमूटभर वर भुरभुरले. काकींनी चाखून मान हलवली आणि बरणी घरी नेली. दर उन्हाळ्यात आता मेतकूट दुप्पट करावे लागते.

डब्यातले काही पदार्थ मात्र कमी होत चालले आहेत. पूर्वी काकी गल्लीमागच्या बांधावरून चरोटा खुडून आणत. चरोटा म्हणजे आपला टाकळा. पाण्याच्या कडेची करमत्ता, चैत्रात भोकराच्या झाडाचा कोवळा बोहार, आणि पावसाळ्यात नशीब असेल तर पुटू, म्हणजे रानातली अळिंबी. आता बांधाच्या जागी कुंपणे आहेत आणि खाचरांच्या जागी चुन्याने आखलेले प्लॉट. पसहर आता बाजारातून पुडीने विकत येतो, साध्या तांदळाच्या कितीतरी पट भावाने. सून बँकेत जाते. ती हुशार आहे, पण चरोटा आणि त्याच्यासारखे दिसणारे गवत यांतला फरक पानावरून दाखवायला बांधावरच जावे लागते, आणि बांध नाही. गेल्या वर्षीच्या कमरछठीला भाजीत पाचच पाले होते. सहावा म्हणून काकींनी माझ्या कुंडीतली अंबाडी मागून नेली. इकडे तिला अमारी म्हणतात.

कोणाला यायचे असेल तर नागपूरहून दुर्ग रेल्वेने चार-पाच तासांवर आहे. हावडा मेल, गीतांजली, पुण्याहून येणारी आझाद हिंद, सगळ्या तिथे थांबतात. दुर्गहून सुपेल्यापर्यंत रिक्षा-बस भरपूर. रविवारी आलात तर सुपेल्याचा बाजार पाहा. ओळखीचे घर नसेल तर रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात २०१६ साली सुरू झालेल्या गढकलेवात फरा, चीला, ठेठरी, चौसेला हे सगळे खाता येते, बायकांच्या बचत गटाने केलेले. करू भात मात्र तिथे मागू नका. तो तीजाच्या आदल्या रात्रीच, आणि बोलावल्यावरच मिळतो. त्यासाठी भाद्रपदात या आणि येताना एखादा भरलेला डबा आणा.