जुने इंजिन, नवा मध्यस्थ

रेल्वेच्या नकाशावर गोंडपिपरीचे नाव नाही. गाडी पाहायची तर बल्लारशाला जावे लागते. तिथे रेल्वेत नोकरीला असलेल्या आमच्या मामांनी सुमारे पन्नास वर्षांपूर्वी विजेवर चालणारे एक छोटे इंजिन विकत घेतले होते. त्यांच्या पश्चात ते आमच्याकडे आले. १ : ८७ या प्रमाणातली ही प्रतिकृती १६.५ मि.मी. रुंदीच्या रुळावर धावते. ही रुंदी युरोपातील १४३५ मि.मी.च्या लोहमार्गाशी जुळते. बल्लारशाचा १६७६ मि.मी.चा मार्ग याच प्रमाणात केला तर तो १९ मि.मी.हून अधिक भरेल. म्हणजे हे इंजिन बल्लारशाचे नव्हेच. तरीही मामांना त्यात आपल्या फलाटावरची गाडी दिसत असे. प्रतिकृतीला पूर्णत्व येते ते पाहणाऱ्याकडून, हे आम्हांस तिथेच प्रथम उमगले असावे.

या इंजिनात डिजिटल डिकोडर बसवावा की न बसवावा, हा प्रश्न वरकरणी छंदाचा वाटेल. परंतु जुना पाठ हाताळणाऱ्या प्रत्येकाला तो ओळखीचा वाटावा.

जुन्या पद्धतीत रुळांतच सारी आज्ञा असते. शून्य ते बारा व्होल्टपर्यंत दाब वाढवीत न्यावा, तसा वेग वाढतो. धन-ऋण टोके उलटावीत, की इंजिन मागे फिरते. त्या रुळावर दोन इंजिने ठेवली तर दोन्ही एकाच हाताने हाकली जातात. त्यांना वेगवेगळे चालवायचे तर मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येकाला स्वतंत्र बटण द्यावे लागते. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. तिथे एकाच मांडणीत अनेक गाड्या आपापल्या गतीने जाताना पाहिल्या, की या वेगळेपणासाठी किती खटाटोप करावा लागतो याची कल्पना येते.

डिजिटल पद्धतीत रुळांवरचा दाब कायम असतो. बदलते ती त्याची लय. जर्मनीतील लेन्झ यांच्या कंपनीने विकसित केलेली आणि १९९०च्या दशकात अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने प्रमाण मानलेली ही भाषा दोनच अक्षरांची आहे. अर्धी लहर ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर एक, सुमारे १०० किंवा अधिक मायक्रोसेकंदांची असेल तर शून्य. प्रत्येक आदेशाच्या आरंभी एक क्रमांक असतो. रुळांवरून जाणारे सारे आदेश सर्व डिकोडरांपर्यंत पोहोचतात. मात्र प्रत्येकजण आपल्या क्रमांकाचा तेवढा उचलतो आणि त्यानुसार मोटरला वीज देतो.

येथेच अडचण उभी राहते. लाल व काळी तार रुळांकडून डिकोडरात येते, नारिंगी व करडी तार डिकोडरातून मोटरकडे जाते. या दोहोंमध्ये अन्य कोणताही संबंध उरता कामा नये. उरला तर डिकोडर क्षणात जळतो. मामांच्या इंजिनात तर मोटरचा एक ब्रश थेट धातूच्या सांगाड्याला टेकलेला होता, आणि तो सांगाडा चाकांमार्फत एका रुळाशी जोडलेला. रूळ आणि मोटर यांचे ते निकटचे नाते तोडल्यावाचून मध्यस्थाला जागा नव्हती.

मराठी वाचकाला येथे ज्ञानेश्वरीची आठवण यावी. एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि वाचकांच्या पिढ्यांना ग्रंथ सुगम झाला. पुढे राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून आवृत्ती काढली, तेव्हा मूळ भाषेचा प्रश्न नव्याने विचारता आला. जुनी प्रत कुठेतरी टिकून होती, म्हणूनच ते शक्य झाले. शुद्धीकरण हा अपराध नव्हे. आधीचा पाठ नष्ट करणे हा मात्र अपराध ठरेल.

आम्ही हाच नियम इंजिनाला लावला. कानसीने काहीही घासले नाही, काहीही कापले नाही. ब्रशवर प्लास्टिकची बारीक नळी चढवून तो सांगाड्यापासून अलग केला. दिव्याची तारही तशीच सोडवली. चाके क्षणभर धरून ठेवून मोटर किती वीज ओढते ते मोजले; ती डिकोडरच्या मर्यादेत होती. सोल्डरचे प्रत्येक जोड झाकले आणि मल्टिमीटरने पुन्हा पुन्हा तपासले.

मग इंजिन चाचणीच्या रुळावर ठेवून त्याचा क्रमांक विचारला. डिकोडरला उत्तर देण्याचा एकच मार्ग असतो. तो मोटरला निमिषभर वीज देतो आणि वाढलेल्या प्रवाहावरून यंत्राला होकार समजतो. इंजिन जागच्या जागी किंचित थरथरले. क्रमांक तीन, नव्या डिकोडरला बहुधा हाच असतो.

आता ते पूर्वीपेक्षा संथ आणि डौलाने निघते. पूर्वी इंजिन थांबले की रुळांतला दाब शून्य होई आणि दिवा विझे. आता ते उभे असतानाही दिवा तेवत राहतो. काही गमावलेही आहे. मामांच्या अंगठ्याखाली बटण फिरे आणि त्याच क्षणी इंजिनाला ते कळे. ती थेट जवळीक आता नाही. काढलेले भाग आम्ही एका पाकिटात घातले आहेत आणि कोणती तार कोठे होती याचे टिपण सोबत ठेवले आहे. पुढे कोणाला हे इंजिन मामांच्या रीतीने चालवावेसे वाटले, तर एका संध्याकाळचे काम आहे.