एकास शंभर

गेल्या दिवाळीनंतर काकूंनी मला मुद्दाम बोलावून घेतले आणि कपाटातून काकांची निळ्या पुठ्ठ्याची वही काढून समोर ठेवली. "तू बँकेत होतास. एवढी बेरीज करून दे. नक्की किती गेले ते मला कळू दे," त्या म्हणाल्या. काकांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती. काकूंचे वय ८८. इतकी वर्षे मनात ठेवलेला प्रश्न आताच का, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

वही मलकपेटच्या घोड्यांच्या शर्यतींची होती. काचीगुड्याच्या आमच्या घरात 'रेस' हा शब्द मोठ्याने उच्चारला जात नसे. घरातून निघून चादरघाटचा पूल ओलांडला की मैदान जवळच. सहाव्या निजामाच्या कारकिर्दीत, १८८६ साली, शर्यती मौलाअलीहून तेथे आल्या, हा इतिहास काका असा काही सांगत की तेथे जाणे म्हणजे जणू शहराच्या परंपरेची सेवाच. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला, तेव्हा त्याचे कात्रण त्यांनी या वहीत डकवले होते आणि त्याखाली लाल शाईने दोन रेघा ओढल्या होत्या. वीस वर्षे मनातल्या मनात चाललेला एखादा दावा आपल्या बाजूने निकाली लागावा, तशा त्या रेघा होत्या.

काकांचा एक नेम होता. मोठ्या पागेच्या, नावाजलेल्या मालकाच्या घोड्यावर त्यांनी कधी पैसे लावले नाहीत. पाच-सहा घोड्यांची पागा, मुरलेला पण फारसा कोणाला ठाऊक नसलेला प्रशिक्षक आणि एकास वीसच्या वरचा भाव, असे तिन्ही जुळले तरच त्यांचा हात खिशात जाई. यामागे त्यांचे एक तत्त्वज्ञान होते, आणि ते अगदीच टाकाऊ नव्हते. बुकी आरंभीचा भाव स्वतःच्या अंदाजाने लावतो. पुढे ज्या घोड्यावर पैशांचा ओघ लागतो त्याचा भाव उतरतो आणि ज्याकडे कोणी फिरकत नाही त्याचा चढतो. म्हणजे भाव हे घोड्याच्या ताकदीचे माप नव्हे, लोकमताचे माप होय. लहान पागेकडे लोक पाहतच नाहीत, तेव्हा तेथे लोकमत चुकण्याचा संभव अधिक, असे काकांचे गणित होते. त्या गणितात त्यांनी एक गोष्ट सोयिस्करपणे सोडली होती. लहान पागेला चांगल्या वंशावळीचा घोडा परवडत नाही, सकाळच्या सरावाला तोलामोलाचा जोडीदार मिळत नाही, आणि बहुतेक वेळा लोकमत चुकलेले नसतेच.

असा एक प्रशिक्षक मी पाहिला आहे. मी विवेक वर्धिनीत सातवीला असताना काका एकदा घरी फिरायला जातो म्हणून सांगून मला पहाटे मलकपेटला घेऊन गेले. ओल्या गवताचा आणि भिजवलेल्या हरभऱ्याचा वास, मोतद्दारांची खरारे चालवताना चाललेली गुणगुण. एक वृद्ध गृहस्थ घोड्याच्या पुढच्या पायाशी उकिडवे बसून, डोळे मिटून, गुडघ्याखालच्या नळीवरून हात फिरवत होते. कोठे ऊन लागते का, सूज आहे का, हे ते बोटांनी वाचत होते. एकेका पायाला त्यांनी इतका वेळ दिला की मी कंटाळलो. काकांनी दुपारच्या शर्यतीतला भाव काय राहील असे विचारले, तेव्हा वरही न पाहता ते म्हणाले, "भाव बोर्डपर रहता, साहब. घोडेकू थोडीच मालूम!" तो घोडा त्या दिवशी सहावा आला. परतताना काकांनी वाटेतल्या इराण्याकडून उस्मानिया बिस्किटे घेतली.

वहीच्या मध्यावर आणखी एक कात्रण होते, मार्च १९९० चे. ही गोष्ट काकांनी आम्हां भावंडांना किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. वेल्समधील कार्मार्थनजीक नँटगारेडिग या खेड्यात सिरेल ग्रिफिथ्स नावाचा दुभत्या गाईंवर उपजीविका करणारा शेतकरी राहत असे. त्याच्यापाशी अवघे ३ घोडे होते आणि परवानाही व्यावसायिक प्रशिक्षकाचा नव्हता, घरच्या घोड्यांपुरताच होता. त्यातला एक नॉर्टन्स कॉइन, तांबूस रंगाचा, ९ वर्षांचा. चेल्टनहॅमच्या मेळ्यात त्याला खरे तर दुसऱ्या, कमी मानाच्या शर्यतीत उतरवायचे होते. ती वाट नियमांमुळे बंद झाली, म्हणून तो गोल्ड कपमध्ये उतरला. अडथळ्यांच्या शर्यतींतला हा सर्वांत मानाचा चषक, अंतर सुमारे सव्वातीन मैल. अधिकृत शर्यतपत्रिकेनेच हा घोडा पहिल्यापेक्षा शेवटच्या क्रमांकाचाच उमेदवार दिसतो, अशा अर्थाचा शेरा मारला होता. समोर डेझर्ट ऑर्किड होता, आदल्या वर्षीचा विजेता, साऱ्या इंग्लंडचा लाडका पांढरा घोडा. त्याचा भाव इतका उतरलेला की रुपया लावून रुपयाचाही नफा नव्हता. नॉर्टन्स कॉइनचा भाव एकास १००.

१५ मार्च १९९० रोजी सकाळी ग्रिफिथ्सने नेहमीप्रमाणे गाईंचे दूध काढले, घोडा गाडीत घातला आणि तो चेल्टनहॅमला गेला. १२ घोडे धावले. अखेरच्या अडथळ्यानंतर तेथे चढण लागते. त्या चढणीवर जॉकी ग्रॅहॅम मकोर्टने टोबी टोबियसला गाठले आणि घोड्याच्या पाऊण लांबीइतक्या अंतराने मागे टाकले. डेझर्ट ऑर्किड तिसरा. त्या मैदानावरचा वेळेचा विक्रमही त्या दिवशी मोडला. गोल्ड कपच्या इतिहासात इतक्या मोठ्या भावाचा विजेता दुसरा नाही.

विक्रमाचा हा तपशील काका फार आग्रहाने सांगत, आणि त्याला कारण होते. १९६७ सालच्या ग्रँड नॅशनलमध्ये फॉइनावॉन हा घोडाही एकास १०० च्या भावाने जिंकला होता. पण तेव्हा तेविसाव्या अडथळ्यापाशी एका बिनस्वाराच्या घोड्याने आडवे येऊन गोंधळ माजवला, जवळजवळ सगळे घोडे अडकले किंवा पडले, आणि बराच मागे राहिलेला फॉइनावॉन त्या गर्दीतून वाट काढून निघून गेला. त्याचा प्रशिक्षक जॉन केम्प्टन तर शर्यत पाहायलाही हजर नव्हता. तो वूस्टरला दुसऱ्या घोड्यावर स्वार होण्यास गेला होता. "ते नशीब," काका म्हणत, "आणि हे कर्तृत्व." मला मात्र फॉइनावॉनची गोष्ट अधिक आवडे. मागे राहिल्यामुळे कोणी वाचावे, ही कल्पना शाळकरी वयात फार दिलासा देणारी होती. असो.

बेरजेला मला तीन दिवस लागले. १९७४ च्या जुलैपासून १९९८ पर्यंतच्या नोंदी होत्या. काकांची अक्षरे टपोरी, हिशेब चोख. हरलेले पैसेही त्यांनी कोठे लपवले नव्हते, हे पाहून मला त्यांच्याविषयी आदर वाटला आणि थोडा रागही आला. चोवीस वर्षांत मोठ्या भावाचे विजेते अकरा, प्रत्येक नाव लाल शाईत. त्यांतले दोन मी पाहिलेल्या त्या वृद्ध गृहस्थांच्या पागेतले. ते अकरा जमेस धरूनही एकूण तोटा ४१,३७० रुपये निघाला. क्लार्काच्या पगारात चोवीस वर्षांत! १९७८ साली दिलसुखनगरला एक प्लॉट घरापाशी चालून आला होता आणि पैशांअभावी सुटला होता, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. आकडा जरा खाली आणून सांगावा, असा मोह मला झाला. एक पान गहाळ झाले म्हणावे, की संपले. पण तीस वर्षे दुसऱ्यांच्या खतावण्या तपासून झाल्यावर हे हातून होईना. मी खरा आकडा सांगितला.

काकू काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढेच?"

मला वाटले, त्यांना नीट ऐकू आले नाही. मी आकडा पुन्हा सांगितला.

"ऐकलं रे. मला वाटलं होतं, लाखाच्या घरात असेल. रविवारी बिस्किटं यायचीच. हरले तरी यायची, जिंकले तरी यायची. तोंडावरून काही कळू द्यायचे नाहीत. मग मी आपली मनातल्या मनात वाढवत बसायची." थोड्या वेळाने त्यांनी वही जवळ ओढली आणि इंग्रजी कात्रणावर बोट ठेवले. "हे त्या दूधवाल्याचं ना? मला यांनी कधी नीट सांगितलं नाही. तुम्हां मुलांनाच सांगायचे. वाच."

मी एकेक ओळ मराठीत करून सांगू लागलो. विक्रमापाशी आलो तेव्हा काकांसारखाच माझाही आवाज चढला. काकूंचे तिकडे लक्ष नव्हते.

"सकाळी दूध काढून गेला म्हणतोस. म्हणजे संध्याकाळच्या धारांची सोयही त्याने लावलीच असेल. घोडा शेवटचा आला असता, तरी त्या घरात दूध निघालंच असतं."

इतक्या वर्षांत ही गोष्ट मी या बाजूने पाहिली नव्हती. काकांनी ती नेहमी बोर्डावरच्या भावापासून सांगितली, आणि मीही तेथूनच ऐकली.

"पुढे त्या घोड्याचं काय झालं?"

तो चषक त्याला पुन्हा मिळाला नाही आणि २००१ साली तो गेला, असे मी सांगितले.

"आणि गाई?"

ते कात्रणात नव्हते.