बटाट्याचा षटकोन

सांबरा गावच्या घरात आई विळीवर काकडी चिरायची. आडवी धरली की गोल चकती, तिरकी धरली की लांबट. समोर बसलेल्या पोराला त्याचं भारी नवल. लांबट चकतीची रुंदी काकडीएवढीच राहते, वाढते ती फक्त लांबी, हे त्यानं बोटानं मापून पाहिलं होतं. “खातोस की मोजतोस रे?” आई म्हणायची.

पुढे आयटीआयला ड्रॉइंगच्या तासाला तिरका कापलेला शंकू आला. शंकू खाली रुंद, म्हणजे छेदही खालच्या अंगाला फुगणार, असं धरून त्यानं अंडं काढलं. सरांनी टोकापासून तळापर्यंत बारा रेषा आखायला लावल्या. प्रत्येक रेषा कापाला कुठे मिळते ते बिंदू उतरवून जोडले, तर दोन्ही टोकं तंतोतंत सारखी! शंकूचा अक्ष लंबवर्तुळाच्या मध्यातून जातच नाही, वरच्या टोकाकडे सरकलेला असतो. तिथेच डोळा फसतो. थोर जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररनंही १५२५ सालच्या आपल्या भूमितीच्या पुस्तकात असंच अंडं काढलंय, हे वाचलं तेव्हा त्याला ड्यूरर घरचाच वाटला.

त्या रात्री त्यानं बटाट्याचा घन कोरला. समोरासमोरचे दोन कोपरे टाळून, सहा कडांच्या मध्यांतून सुरी फिरवली. हातात नेटका षटकोन आला. सुरी जितक्या पृष्ठांतून जाईल तितक्याच बाजू. घनाला पृष्ठं सहा, म्हणून सप्तकोन कधीच निघायचा नाही. अंदाज न बांधता एकेक पृष्ठ मोजत जायचं, ही शिस्त त्याला तिथं लागली.

मग बेळगावच्या उद्यमबागेत नोकरी. छेद दाखवायला पंचेचाळीस अंशांच्या बारीक रेघा. बोल्ट, शाफ्ट आणि लांबीत कापलेली रिब मात्र कोरी ठेवायची. कागदावर हे सगळं भरीव दिसतं.

एकदा गळका म्हणून परत आलेला बीडाचा जॉब बँडसॉवर उभा चिरला. जाड भिंत आणि रिब मिळतात तिथं आत वाटाण्याएवढी पोकळी. तो सांधा सगळ्यांत शेवटी थिजतो. आजूबाजूचं बीड आधीच घट्ट झालेलं, आकसताना भर घालायला रस पोचत नाही. त्यानं ड्रॉइंग आणून टेबलावर पसरलं, अर्धा तुकडा त्या छेदावर नीट जुळवून ठेवला, उचलला आणि रेघांमधल्या त्या जागी पेन्सिलीनं बारीक गोल काढला.