न वटलेली हुंडी

चंद्रमोहिमांची स्मृतिचिन्हे जमवणारा संग्राहक प्रत्येक वस्तूविषयी पहिला प्रश्न विचारतो तो हा, की ती चंद्रापर्यंत जाऊन आली आहे काय? अंतराळवीरांनी सामानातून नेलेला तळहाताएवढा राष्ट्रध्वज, चांदीचे पदक, यानावरील सोनेरी वेष्टनाचा कपटा. चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेल्या या वस्तूंचे मोल त्यांच्या प्रवासात असते. त्यांच्याच पंगतीला पृथ्वी कधीही न सोडलेली काही साधी टपालपाकिटेही मानाने बसतात.

1969 च्या जुलैमध्ये अपोलो 11 च्या उड्डाणापूर्वी नील आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स यांना रोगसंसर्ग टाळण्यासाठी इतरांपासून दूर ठेवण्यात आले होते. चंद्रावर निघालेल्या माणसाला कुटुंबास पुरेल इतक्या रकमेचा आयुर्विमा परवडणे दुरापास्तच होते. तेव्हा फावल्या वेळात या तिघांनी शेकडो पाकिटांवर सह्या केल्या. उड्डाणाच्या आणि चंद्रावर उतरण्याच्या दिवशी एका स्नेह्याने त्यांवर टपालाचे शिक्के उमटवून घेतले आणि ती त्यांच्या घरी पोचती केली. हे तिघे परतले नाहीत, तर पाकिटे विकून बायकामुलांचा निर्वाह व्हावा, एवढाच त्यामागील हेतू होता.

त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये विल्यम सफायर यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासाठी एक शोकभाषण लिहून ठेवले होते. राष्ट्राने शब्दांची तरतूद केली होती. चुलीची तरतूद घरच्या कर्त्या पुरुषांनाच करावी लागली.

24 जुलैला तिघेही सुखरूप परतले. भाषण वाचावे लागले नाही आणि पाकिटांचे प्रयोजन सरले. अपोलो 16 पर्यंतच्या अंतराळवीरांनी हीच वाट धरली. पुढे यथावकाश ही पाकिटे लिलावात आली, संग्राहकांच्या घरी पोहोचली. सहीची शाई उन्हाने विटते, म्हणून जाणता संग्राहक त्यांना खिडकीसमोरच्या भिंतीवर लावत नाही.

ध्वज आणि पदके पराक्रमाची साक्ष देतात. या पाकिटांवरील सही मात्र विम्याच्या कागदावर वारसाचे नाव लिहिणाऱ्या कोणत्याही गृहस्थाची आहे. चंद्राकडे निघालेल्या माणसांच्या मनात घर किती होते, हे चंद्राला न शिवलेला हा कागदच सांगतो.